म्हातारीच्या चार तुकड्यांबाबत

जबाब देणारीचे नाव: सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे. गल्लीत 'क्लचबाई' या नावाने ओळख.
वय: ५३. धंदा: मोटार चालवायला शिकवणे.
राहणार: बाजारामागची गल्ली, तीन मजली इमारत, तळमजला, जिन्याला लागून.

मी वरील बाई, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर राहून, कोणी पढवलेले नसताना, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी माझ्या वडिलांसह राहते. वडिलांचे वय ८४, निवृत्त ड्रायव्हर. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माझा धाकटा भाऊ शेजारच्या गल्लीत राहतो. ऑफिसांतले जुने फर्निचर घेणे व विकणे हा त्याचा धंदा आहे. घरात त्याला 'शॉर्टकट' म्हणतात. लहानपणी शाळेच्या भिंतीवरून उडी मारून त्याने पाय मोडून घेतला होता. पाय बरा झाला, नाव राहिले.

आज सकाळी मी जिन्यात उभी राहून भावाशी फोनवर बोलत होते. माझा आवाज धंद्यामुळे मोठा आहे. शिकाऊ माणसाला 'ब्रेक' म्हणून सांगायचे असेल तर कुजबुजून भागत नाही. मी म्हणाले ते असे: "म्हातारीचे चार तुकडे झाले, टेम्पोत घालून ताडपत्रीखाली आणली, आणि आता उरलीसुरली भंगारवाल्याला देतोस? मनाची नाही तर जनाची तरी ठेव!"

दुसऱ्या मजल्यावर राहणारे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी त्या वेळी जिना उतरत होते. ते तसेच उलट पावली वर गेले व त्यांनी पोलिसांना फोन केला. सेक्रेटरी माझ्याकडे दोनदा गाडी शिकून दोनदा नापास झाले आहेत. हा मजकूर विषयाला धरून नाही असे लिहिणाऱ्या हवालदारांचे म्हणणे पडले, तरी मी तो लिहून घ्यायला लावला.

पोलीस आले. त्यांनी आवारातली ताडपत्री उचलली. खाली मोटारीचे भाग निघाले. सोबतच्या बाई शिपायांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मोठे हवालदार जरा हिरमुसल्यासारखे वाटले.

म्हातारी म्हणजे कोण, याचा खुलासा विचारल्यावरून सांगते की, म्हातारी म्हणजे सदर गाडी. काळी, गोल दिव्यांची, दाराखाली पायरी असलेली, बाहेर रबरी भोंगा. वयाने ती अण्णांहून चार-सहा वर्षांनी लहान आहे. तरी अण्णा तिला म्हातारी म्हणतात आणि स्वतःला कोणी म्हातारा म्हटले तर चिडतात.

अण्णा उमेदीची सगळी वर्षे सीमेपलीकडच्या देशात एका मालकांकडे ड्रायव्हर होते. त्यांनी ही एकच गाडी चालवली. मीही तिच्यावरच शिकले. अण्णांनी मला पहिल्या दिवशी सांगितले ते आजही मी शिकाऊ लोकांना सांगते: "ड्रायव्हरला मान नसते, आरसा असतो." म्हणजे मागे मालक बसलेले असताना वळून बघायचे नाही. मागे भांडण चालो, रडणे चालो, नाहीतर झोप. मागची सीट ड्रायव्हरची नव्हे. अण्णा आयुष्यात मागे वळून बघितलेले मला आठवत नाही. मालक वारले तसे ते गाडी तिथे ठेवून, किल्ली खुंटीला लावून, इकडे निघून आले.

मध्यंतरी मालकांच्या नातीचा फोन आला. बंगला विकला होता. ती म्हणाली, "आजोबा म्हणायचे, गाडी अण्णांची, मी नुसता मागे बसतो. तुम्ही घेऊन जाता का? नाहीतर नवे लोक फेकून देतील." मी अण्णांना सांगितले. अण्णांच्या डोळ्यांत आता उजेड आणि आकार एवढेच शिल्लक आहे. ते एवढेच म्हणाले, "चालू आहे ना?" मी हो म्हणाले. त्या दिवसापासून ते रोज दाढी करू लागले.

जुनी गाडी सीमेपलीकडून आणायची तर ती मूळ स्थितीतली विंटेज गाडी आहे असा जाणकारांचा दाखला लागतो. तो नसेल तर कस्टम एवढे बसते की त्यात नवी गाडी येऊन वर तिला गॅरेजही बांधून होईल. मी दाखल्यासाठी अर्ज केला. जाणकारांनी फोटो मागवले. फोटो पाहून त्यांनी कळवले की स्टिअरिंगवर गुंडाळलेली दोरी मूळची नाही, ती काढावी. ती दोरी अण्णांनी गुंडाळली होती. थंडीत स्टिअरिंग हाताला गार लागते म्हणून. मी कळवले की दोरी निघणार नाही. त्यांनी कळवले की मग दाखला निघणार नाही. पुढे त्यांचे उत्तर येणे थांबले.

तेव्हा धाकटा घरी आला. म्हणाला, "ताई, तुझ्या दाखल्याची वाट बघत बसलो ना, तर गाडी येईल आणि अण्णा नसतील."

आमचा धाकटा मधूनमधून खरे बोलतो, तेव्हाच त्याच्यापासून जपायचे असते.

त्याच्या ओळखीचे एक क्लिअरिंग एजंट आहेत. सीमेवरून माल सोडवून देण्याचे काम करतात. त्यांनी सल्ला दिला की कागदावर 'भंगार' लिहा. भंगाराला कस्टम नाममात्र, दाखला नको, आणि भंगाराकडे कोणी ढुंकून बघत नाही. इकडे आणली की झाली गाडी. धाकट्याने अर्ज भरला. मालकांच्या नातीने गाडी अण्णांच्या नावे दिली होती, म्हणून सही अण्णांची घेतली. मी त्या वेळी एका शिकाऊ बाईंना उलटी गाडी घ्यायला शिकवत होते.

संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, "तुझ्या भावानं आज भंगारावर माझी सही घेतली. मी विचारलं, बाबा रे, भंगार कोण, गाडी की मी? म्हणाला, कागदापुरतं हो अण्णा."

अण्णांच्या बोलण्यातले निम्मे थट्टेचे असते. हे मी त्या निम्म्यात धरले.

गाडी येणार त्या दिवशी मी सीमेवरच्या कस्टमच्या यार्डात गेले. सोबत पेट्रोलचा डबा, फडके आणि अण्णांची ड्रायव्हरची टोपी नेली होती. गाडी मीच चालवत घरी आणायची असे ठरले होते. निघताना अण्णांनी बजावले होते, "गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजव. मी बाहेर येऊन उभा राहतो. मालक दारात ताटकळता कामा नयेत." मालकांना जाऊन किती वर्षे झाली याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

धाकटा आणि एजंट आधीच पोचून चहाच्या टपरीवर बसले होते. सीमेपलीकडच्या एका मेकॅनिकने गाडी चालवत आणून यार्डात लावली व तो किल्ली देऊन परत गेला.

यार्डातले साहेब नवीन बदलून आलेले होते. सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. कागद वाचून त्यांनी सांगितले की भंगार म्हणून आलेले वाहन पुन्हा रस्त्यावर धावू नये, यासाठी ते कमीत कमी चार तुकडे करूनच सोडायचे, असा नियम आहे. आधीचे साहेब तो पाळत नसत. हे पाळतात.

मी म्हणाले, "साहेब, ही गाडी आहे."

साहेब म्हणाले, "दिसतंय की मला."

"मग?"

"मला दिसतं त्याच्याखाली सही नसते, बाई. कागदाखाली असते."

मी म्हणाले, "कागद चुकलाय."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "चुकलाय, की खोटा आहे? चूक दुरुस्त करायची ती माल सीमेच्या आत यायच्या अगोदर. आता तुम्ही गाडी म्हणालात तर कागद खोटा ठरतो, आणि खोट्या कागदाला केस लागते. केस कोणावर, ते सही बघून सांगा." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

सही अण्णांची होती. अण्णा हल्ली रेघेवर सही करत नाहीत. रेघ जिथे असेल असे त्यांना वाटते तिथे करतात.

"वय काय यांचं?"

"चौऱ्याऐंशी."

"आणावं लागेल त्यांना इथं. तारखेला."

मी म्हणाले, "भंगार आहे."

साहेबांनी पेन उचलले. कागदावर सही करून शिक्का मारला.

गाडी कापायच्या शेडपर्यंत न्यायची होती. यार्डातल्या ड्रायव्हरला गियर पडेना. हिला गियर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, मध्ये एकदा पाय सोडून. तो नुसताच दांडा ओढू लागला. आतून जो आवाज आला तो मला ऐकवेना, म्हणून मी त्याला "सरका" म्हणाले आणि गाडी स्वतः चालवत नेली. एका चावीत चालू झाली. यार्डात एक वळण आहे. तिथे मी हात बाहेर काढून इशारा केला. मागे कोणी नव्हते. शेडमध्ये गाडी लावून मी हँडब्रेक ओढला. गॅस-कटरवाला म्हणाला, "कापायच्या गाडीला हँडब्रेक कशाला, बाई?" मी म्हणाले, "सवय." यार्डाच्या नोंदीत 'भंगार स्वतःच्या इंजिनावर शेडमध्ये आले' असे लिहिलेले आहे. ते मी वाचले. तिथे कोणी हसले नाही.

टाकी रिकामी केल्यावर कटरवाल्याने विचारले, "कुठून घालू?"

नियमात चार तुकडे आहेत, चार सारखे तुकडे असे कुठे नाही. हे मी साहेबांना विचारून घेतले. साहेबांनी नियम परत वाचला आणि नसल्याचे कबूल केले. त्यावरून मी कटरवाल्याला पुढच्या सीटच्या मागून खूण करून दिली. बॉनेट, स्टिअरिंग, पुढची सीट आणि तिच्यावरचे छत हा एक तुकडा. बाकी तिन्ही मागच्या भागातून काढायला सांगितले. कापण्याआधी मी आतला आरसा काढून पिशवीत ठेवला. आरसा कशाला काढला, असे आत्ता विचारले गेले. त्यावर मला काही सांगायचे नाही.

काम संपल्यावर साहेबांनी बोटाने मोजले. "चार. बरोबर."

धाकटा टपरीवरून आला तेव्हा सगळे उरकले होते. त्याने चारही भागांभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "ताई, अगं कागदापुरतं होतं ते."

मी म्हणाले, "कटर कागदावर नाही चालला रे."

चारही भाग टेम्पोत चढवून वर ताडपत्री बांधली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी टेम्पोच्या केबिनमधून हात काढून भोंगा वाजवला. तो मी उतरवून मांडीवर घेतला होता. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. म्हणाले, "इंजिनाचा आवाज नाही आला."

मी म्हणाले, "गल्ली अरुंद आहे अण्णा. बंद करून ढकलत आणली."

"शहाणी आहेस. रंग वाचतो," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून पुढचा भाग इमारतीच्या आवारात विटांवर उभा आहे, तोंड फाटकाकडे, पाठ भिंतीकडे. बाकीचे तीन भाग बाजूला ताडपत्रीखाली असतात. रोज सकाळी दाढी झाली की मी अण्णांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवते. पहिल्या दिवशी त्यांचा हात स्टिअरिंगवर गेला, दोरी लागली. त्यांनी दोरीचे वेढे एकेक करून चाचपले आणि हात तिथेच ठेवला. याला ते ड्यूटी म्हणतात. जेवायच्या वेळेपर्यंत बसतात. दार मी उघडते, मीच लावते. त्यांना एकटे उतरू देत नाही.

एक दिवस ते म्हणाले, "मागून वारा लागतोय. काच उघडी आहे का?"

मी म्हणाले, "हो, उघडी आहे."

"असू दे. मालकांना वारा आवडतो."

अण्णांना मागच्या बाजूचे माहीत आहे की नाही, असे मला विचारण्यात आले. मला सांगता येत नाही. ते वळून बघत नाहीत एवढे मला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरींनी इमारतीची नोटीस दारावर चिकटवली. इमारतीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक घराला आवारात एक गाडी उभी करण्याचा हक्क आहे. ती चालू असलीच पाहिजे असे नियमात नाही. सेक्रेटरींची स्वतःची गाडी घेतल्यापासून हललेली नाही. मात्र आवारात भंगार ठेवण्यास मनाई आहे. म्हणून सदर वस्तू गाडी असल्यास तसे लेखी द्यावे, अन्यथा उचलावी, अशी ती नोटीस. ती पाहून धाकट्याने मला न विचारता भंगारवाल्याला बोलावले. त्यावरून आज सकाळी आमचे फोनवर बोलणे झाले, ते वर आले आहे.

पोलीस आले तेव्हा अण्णा ड्यूटीवर होते. मोठ्या हवालदारांनी खिडकीतून वाकून विचारले, "काय आजोबा, इथं काय करताय?"

"आजोबा घरी. इथं ड्रायव्हर."

"बरं, ड्रायव्हरसाहेब. ही गाडी आहे की भंगार आहे?"

अण्णा समोर बघत म्हणाले, "मला काय विचारता? मालकांना विचारा, मागे बसलेत."

हवालदारांनी मागे पाहिले. मागे भिंत आहे. त्यांनी टोपी काढली व परत घातली, आणि आम्हा भावाबहिणीला ठाण्यावर चला म्हणाले. अण्णांना चला म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

ठाण्यात भावाला समोर बसवून मला विचारण्यात आले की त्याच्याविरुद्ध तक्रार आहे काय. मी आहे म्हणाले. खोटा कागद त्याने भरला, तो घ्या. हवालदार म्हणाले की घेऊ. कस्टमकडून कागद मागवू, आणि कागदावर ज्याची सही असेल त्याला आधी आणू. धाकटा मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "ताई, घाल तक्रार. मी सांगतो मीच लिहिलं." हवालदारांनी त्याला सांगितले की लिहिणारा नंतर, सही करणारा आधी. आयुष्यात पहिल्यांदा धाकटा सरळ रस्त्याने निघाला, तर पुढे रस्ता बंद. सबब माझी तक्रार नाही.

यानंतर हवालदारांनी इथपर्यंतचा जबाब मला वाचून दाखवायला घेतला, आणि मध्येच थांबले. म्हणाले, "बाई, तुम्ही सगळीकडे 'गाडी, गाडी' म्हटलंय."

"मग काय म्हणू?"

"हा कागद वर गेला आणि कोणी त्याच्याशेजारी कस्टमचा कागद ठेवला, तर एका वस्तूची दोन नावं निघतील. मग सहीवाल्याला आणावं लागतं. तुमच्या हातानं तुम्ही वडिलांना आणताय."

मी म्हणाले, "आणि भंगार म्हणाले तर?"

"तर इथलं मिटलं. इमारतीचं तुम्ही बघा."

बाहेरच्या बाकावर सेक्रेटरी याच जबाबाची नक्कल मिळावी म्हणून अर्ज घेऊन बसले होते. ते मला दारातून दिसत होते. मी हवालदारांना पाणी मागितले. ते त्यांनी दिले. मी त्यांना सांगितले की भंगार करा.

एवढी पाने परत लिहायची तर माझा हात मोडेल, असे हवालदार म्हणाले. म्हणून शेवटी एक ओळ घालायची असे आमच्यात ठरले. ती ओळ अशी:

वरील जबाबात जिथे जिथे 'गाडी' असे आले आहे, तिथे तिथे 'भंगार' असे वाचावे. 'अण्णा' असे आले आहे तिथे काही बदल नाही.

माझी एकच विनंती आहे, ती नोंदवावी. भंगारवाल्याने सकाळी येऊ नये. सकाळी अण्णा ड्यूटीवर असतात. जेवण झाल्यावर ते झोपतात, तेव्हा यावे, आणि भोंगा व स्टिअरिंगवरची दोरी सोडून बाकी सगळे न्यावे. अण्णांना ड्यूटीला बसायला विटांशेजारी खुर्ची ठेवून भोंगा तिच्या हाताला बांधता येईल. दोरी आहेच.

हा जबाब मला शेवटच्या ओळीसह वाचून दाखवला. मी तो कान देऊन ऐकला. मी सांगितल्याबरहुकूम आहे आणि बरोबर आहे. सही कुठे करायची ते हवालदारांनी बोट ठेवून दाखवले, तिथे केली.